अंजिरांचे पोटीस

कर्करोगाचा रिपोर्ट हाती येतो, डॉक्टर पहिल्या इंजेक्शनची तारीख देतात, आणि घरात प्रश्नांची रांग लागते. पैसे कोठून आणायचे, दवाखान्यात कोणी थांबायचे, रजा किती मिळेल, मुलांना काय सांगायचे. हे प्रश्न सर्वांच्याच घरी येतात. परंतु ख्रिस्ती घरात त्यांच्या मागोमाग आणखी एक प्रश्न येतो. तो डॉक्टरांना विचारता येत नाही आणि पाळकांना विचारण्याचा धीर होत नाही. देवावर माझा खरोखर विश्वास आहे, तर मग ही औषधे मी का घेत आहे? आणि औषधे घेतच आहे, तर रोज रात्री गुडघे टेकून मी जे मागतो ते खरे मागणे आहे की केवळ सवय?

या प्रश्नाला कोणी हसू नये. ज्याच्या मनात तो येतो तो मनुष्य विश्वासाची बाब हलक्याने घेणारा नसतो. मात्र त्याचे उत्तर सवडीने शोधू म्हणून चालत नाही, कारण हा आजार आपल्या मनाचा निश्चय होईपर्यंत थांबत नाही.

आपल्या बोलण्यात ‘विश्वास’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी येतो. ‘माझा वडिलांवर विश्वास आहे’ असे आपण म्हणतो, आणि ‘यंदा पाऊस चांगला होईल असा माझा विश्वास आहे’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात एक व्यक्ती आहे, दुसऱ्यात एक अंदाज आहे. लहान मूल वडिलांचे बोट धरून रात्रीच्या गाडीत बसते तेव्हा त्याला रस्ता ठाऊक नसतो, गाडी केव्हा पोहोचेल हेही ठाऊक नसते. त्याला वडील ठाऊक असतात. आजारपणात आपण या पहिल्या विश्वासावरून दुसऱ्यावर केव्हा घसरतो ते कळत नाही. ‘माझा देवावर भरवसा आहे’ असे म्हणता म्हणता ‘मी बरी होणारच असा माझा भरवसा आहे’ असे आपण म्हणू लागतो. मग एक दिवस रक्ताचा रिपोर्ट वाईट येतो आणि त्याबरोबर देवावरचा भरवसाही खचतो, कारण आपण दोन्ही एकाच दाव्याला बांधलेले असतात.

रविवारच्या शाळेत आपण शद्रख, मेशख व अबेदनगो यांची गोष्ट मुलांना मोठ्या उत्साहाने सांगतो. भट्टी सातपट तापवली, आणि तरी त्यांच्या वस्त्रांना धुराचा वाससुद्धा आला नाही. मुले टाळ्या वाजवतात. परंतु भट्टीत टाकले जाण्यापूर्वी ते राजाला काय बोलले ते सांगायला पुष्कळ वेळा वेळ उरत नाही. आमचा देव आम्हांला सोडवू शकतो असे ते म्हणाले, आणि त्याने नाही सोडवले तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही असेही त्याच दमात म्हणाले (दानीएल 3). हे दुसरे बोलणे गाळले तर ती गोष्ट केवळ चमत्काराची होते. ते ठेवले तरच ती विश्वासाची आहे.

आता औषधाविषयी. ‘वैद्याकडे जाणे हा अविश्वास आहे’ असे म्हणणारे बंधू आसा राजाचे उदाहरण पुढे करतात. आसाच्या पायांना रोग जडला, तो फार वाढला, तरी त्याने परमेश्वराचा शोध न करता वैद्यांचा शोध केला, असे 2 इतिहासाच्या 16 व्या अध्यायात आहे. वचन खरे आहे, पण अध्याय पहिल्यापासून वाचावा. याच आसाने शत्रू चालून आला तेव्हा मंदिराच्या भांडारातले सोनेरुपे काढून अरामाच्या राजाकडे पाठवले. संदेष्टा हनानी याने त्याला दोष दाखवला तेव्हा त्याला तुरुंगात घातले आणि प्रजेतील काही लोकांवर जुलूम केला. देवाकडे पाठ फिरवून त्याला बराच काळ झाला होता. पायाचा रोग पुढे आला, आणि त्यातही तो वळला नाही. शास्त्रलेखकाचा ठपका या न वळण्यावर आहे. वैद्यांनी बिचाऱ्यांनी काय केले?

याच्या शेजारी हिज्कीया राजाला उभे करावे (2 राजे 20, यशया 38). तो मरणाला टेकला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली आणि तो फार रडला. देवाने त्याची प्रार्थना ऐकली व यशयाच्या तोंडून त्याला आणखी 15 वर्षांच्या आयुष्याचे वचन दिले. एवढे झाल्यावर यशया काय करतो? अंजिरांचे पोटीस करून गळवावर बांधायला सांगतो. देवाचा शब्द मिळाला होता, तोही संदेष्ट्याच्या मुखातून. तो खोटा ठरण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही पोटीस बांधले. का बांधले, हे शास्त्र सांगत नाही. ते वचन आणि पोटीस एकापाठोपाठ ठेवते आणि त्यांत विरोध आहे असे कोठे सुचवीतही नाही. मला ही गोष्ट आसाच्या गोष्टीहून अधिक विचार करायला लावते. ज्याला बरे होण्याचे प्रत्यक्ष वचन मिळाले त्याने लेप नाकारला नाही, आणि आपल्याला असे वचन मिळालेले नसताना आपण इंजेक्शन कोणत्या अधिकाराने नाकारतो?

नव्या करारातील दाखले सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांवर फार थांबत नाही. पौल तीमथ्याला त्याच्या पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्याच पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता. त्रफिमाला तर पौलाने मिलेतात आजारीच ठेवून पुढचा प्रवास केला. ज्याच्या हातून पुष्कळ लोक बरे झाले त्याला आपल्या मित्राला आजारी ठेवून निघावे लागले, आणि त्रफिमाचा विश्वास कमी पडला असे तो लिहीत नाही. याकोब आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगतो. त्या काळी तेल हे घरगुती औषधही होते; दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूच्या जखमांवर तेच ओतले होते.

शिवाय आपल्या मंडळ्यांचा इतिहास पाहावा. ज्या मिशनऱ्यांनी आपल्या पूर्वजांना शुभवर्तमान सांगितले त्यांनीच दवाखाने बांधले. डॉ. विल्यम वानलेस 1889 साली भारतात आले आणि 1894 साली मिरजेचा दवाखाना उभा राहिला. सीमाभागातील आपल्या कितीतरी घरांतील आजी-आजोबांनी दुखण्यात मिरजेचीच वाट धरली. आयडा स्कडर यांनी वेल्लोरला काम आरंभले. शस्त्रक्रियेपूर्वी टेबलाजवळ प्रार्थना करण्याची मिशन दवाखान्यांतील रीत जुनी आहे. औषधोपचार हा अविश्वास असता, तर एका हाताने शुभवर्तमान आणि दुसऱ्या हाताने अविश्वास पेरण्याचे काम या लोकांनी जन्मभर केले असे म्हणावे लागेल.

सदाफुली आपल्या अंगणात असते, चर्चच्या आवारात असते, काही ठिकाणी कबरस्थानातही फुललेली दिसते. तिला कोणी मुद्दाम पाणी घालत नाही. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर हे संशोधक या झाडाचा अभ्यास करीत होते, तो मधुमेहावर काही गुण आहे काय हे पाहण्यासाठी. मधुमेहावर काही हाती लागले नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होताना त्यांना दिसल्या, आणि त्यातून विनब्लास्टीन हे औषध निघाले. त्याच झाडातून पुढे व्हिनक्रिस्टीन मिळाले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही देतात. (येथे हात जोडून सांगतो, कोणी घरी पाने चावू नयेत किंवा काढा करून पिऊ नये. झाड विषारी आहे. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतून द्यावे लागते.) कबरीवर उगवणाऱ्या फुलात हा गुण कोणी ठेवला, असे विचारले तर आपण सर्वजण एकच उत्तर देऊ. मग तोच गुण बाटलीत भरून शिरेत सोडला की तो देवाचा कसा राहत नाही?

हे सर्व वादासाठी लिहीत नाही. लिहिण्याचे कारण निराळे आहे. सीमाभागातील एका मंडळीतील भगिनी रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवीत होत्या. त्यांच्या छातीत गाठ आली. गाठ दुखत नव्हती, म्हणून काही महिने तशीच राहिली. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि तेथेच पुष्कळ जण फसतात. पुढे डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले. तेव्हा प्रार्थनासभेतील काहींनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, गाठीला सुई लावली की रोग पसरतो. ही समजूत चुकीची आहे, आणि तपासणीवाचून कोणते औषध द्यायचे तेच ठरत नाही. दुसरी गोष्ट अशी, की सुई लावणे म्हणजे देवाच्या हातून काम काढून घेणे होय. बाईंनी उपास केले. पावसाळा गेला, नाताळ गेला. गाठीची जखम झाली तेव्हा मुलाने त्यांना जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेले. तोवर रोग हाडांत गेला होता.

त्यांना भेटायला गेलेल्या पाळकांना त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, दुखते त्याचे काही नाही. पण माझा विश्वास कोठे कमी पडला, तेवढे मला सांगा.”

त्या बाईंच्या विश्वासात काही कमी नव्हते. कमी होती ती त्यांना सल्ला देणाऱ्यांच्या समजुतीत, आणि तिची किंमत मात्र बाईंनी भरली. ‘विश्वास पुरेसा असेल तर तू बरी होशील’ या वाक्यात एक दुसरे वाक्य दडलेले असते, ते म्हणजे ‘बरी झाली नाहीस तर दोष तुझा.’ पहिले वाक्य सांगणारा दुसरे उच्चारीत नाही. ते आजारी माणूस रात्री एकटा असताना स्वतःशी उच्चारतो. इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोपर्यंत ते चांगले मित्र होते. बोलू लागले तेव्हा त्यांनी नेमके हेच केले, आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर झाला.

उशिराचे नुकसान किती होते याची मोजदादही झालेली आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोग शरीरात दूर पसरलेला नसताना ज्यांनी रूढ उपचार नाकारून केवळ इतर उपाय केले अशा 281 रोग्यांची तुलना त्यांनी उपचार घेणाऱ्यांशी केली. उपचार नाकारणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटींहून अधिक होता. हा अभ्यास प्रार्थनेविषयी नव्हता. प्रार्थनेने कोणाचेही आयुष्य कमी होत नाही. प्रार्थनेच्या नावाने दवडलेल्या महिन्यांनी होते.

येथे कोणी म्हणेल, देव प्रत्यक्ष बरे करीतच नाही असे तुमचे म्हणणे आहे काय? तसे मुळीच नाही. सी. एस. ल्युईस हे ब्रिटिश ख्रिस्ती लेखक आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहेत. 1956 साली त्यांच्या पत्नी जॉय यांच्या मांडीचे हाड मोडले आणि त्यातून कर्करोग हाडांपर्यंत गेल्याचे उघड झाले. त्या जगतील असे कोणालाच वाटत नव्हते. 21 मार्च 1957 रोजी पीटर बाईड या पाळकांनी दवाखान्यातील खाटेजवळच त्या दोघांचा ख्रिस्ती विवाह लावला व जॉय यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यानंतर हाडे भरून येऊ लागली, जॉय चालू लागल्या, आणि दोघांना पुढे दोनहून अधिक वर्षे बऱ्यापैकी आरोग्यात मिळाली. त्यांना किरणोपचारही दिलेले होते. काय प्रार्थनेने झाले आणि काय किरणांनी, हे कोणी निवडून वेगळे करू शकत नाही, आणि ल्युईस यांनीही तसा दावा केला नाही. 1959 च्या अखेरीस रोग परतला. 13 जुलै 1960 रोजी जॉय वारल्या. ज्या बाईड यांनी हात ठेवून प्रार्थना केली होती, त्यांच्या स्वतःच्या पत्नीलाही कर्करोग झाला आणि त्या त्यातून उठल्या नाहीत. बाईड यांनी परक्या स्त्रीसाठी विश्वासाने प्रार्थना केली आणि आपल्या पत्नीसाठी अविश्वासाने केली, असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? खुद्द गेथशेमाने बागेत पुत्राने जे मागितले ते त्याला मिळाले नाही. त्याच्या विश्वासाचे माप कोण काढणार?

प्रार्थनेचे माप काढण्याचा प्रयत्नही एकदा झाला. 2006 साली अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यांत फरक आढळला नाही. उलट, आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांना त्रास थोडा अधिक झाला. आपण इतके का आजारी आहोत, या धास्तीने तसे झाले असावे, अशी शंका काहींनी बोलून दाखवली. नास्तिक लोक या चाचणीचा दाखला देतात. त्याने मी विचलित होत नाही. पण आपणही उलट निकाल लागला असता तर तो मिरवू नये. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सांगणाऱ्याला प्रभूने काय उत्तर दिले ते आपल्याला पाठ आहे. हाती असलेले उपचार बाजूला सारून ‘आता देवाला पाहू’ असे म्हणणे ही मला त्याच शिखरावरची उडी वाटते.

दुसऱ्या बाजूलाही खड्डा आहे. काही घरांत रिपोर्ट आला की प्रार्थना बंद पडते. आता सगळे डॉक्टरांच्या हाती, असे म्हणून देवाला बाहेरच्या बाकावर बसवले जाते. काही घरांत उलट नवस सुरू होतात. ‘बरा झालो तर चर्चला घंटा देईन.’ नाव बदलले तरी तो नवसच. ज्याने आपला पुत्र दिला त्याच्याशी घंटेचा सौदा काय करायचा?

आणि कधी अशी वेळ येते की डॉक्टर स्वतःच सांगतात, यापुढे औषधाने त्रासच होईल, गुण येणार नाही. तेव्हा उपचार थांबवणे हाही अविश्वास नव्हे. वेदना शमवण्यासाठी मॉर्फिन घेणे हाही नव्हे. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स निष्ठावंत ख्रिस्ती होत्या. आपल्याकडे वांद्रे येथे 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झाले, त्याची शाखा गोव्यातही आहे. तेथे जाणाऱ्याने देवाचा हात सोडला असे कोणी म्हणू नये.

मंडळीने काय करावे, याविषयी थोडेसे. केमोथेरपीचे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर चालते. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण केसांच्या मुळांतील, तोंडाच्या आतील आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. म्हणून केस जातात, तोंड येते आणि रोगप्रतिकाराची शक्ती खाली येते. औषधानंतर आठवडा-दोन आठवडे साधी सर्दीही रोग्याला महाग पडू शकते, आणि ताप आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा लागतो. तेव्हा दहा-बारा जणांनी खोलीत दाटी करून, खोकत खोकत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणे ही प्रीती खरी असली तरी घातक आहे. सर्दी असेल त्याने घरूनच प्रार्थना करावी. देवाला अंतर नसते. किरणोपचार, ज्याला पुष्कळ लोक ‘लाइट देणे’ म्हणतात, तो बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतो. रोज कोणीतरी बरोबर जावे लागते. ग्वाल्हेरच्या, इंदूरच्या किंवा बेळगावच्या मंडळीत अशा कामासाठी वार वाटून घेणे कठीण नाही. सोमवार अमुक कुटुंबाचा, मंगळवार तमुक कुटुंबाचा. डबा कोणी द्यायचा तेही ठरवावे. मात्र तिखट नको, तोंड आलेले असते. आणि ‘आमच्या नात्यातल्या एकीला हेच झाले होते, ती गेली’ हे कोणी डब्याबरोबर नेऊ नये.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक वेगळी अडचण येते. बाई डोक्याला रुमाल बांधून येतात, किंवा काही रविवार येतच नाहीत. मुले विचारतात. ‘आपण सगळ्यांनी प्रार्थना केली की बाई बऱ्या होतील’ असे सांगणे सोपे असते. वर्ग शांत होतो. पण बाई बऱ्या झाल्या नाहीत, तर त्या 20 मुलांच्या मनात काय राहील याचा विचार व्हावा. एखादे मूल त्या आठवड्यात प्रार्थना करायला विसरलेले असेल, आणि बाई आपल्यामुळे गेल्या हे ओझे ते मूल कोणालाही न सांगता वाहत राहील. मुलांशी खरे बोलावे. बाईंना मोठा आजार झाला आहे. डॉक्टर औषध देत आहेत, त्या औषधाने केस गेले आहेत, ते बहुधा पुन्हा येतील. आपण देवाला सांगू की बाईंना बरे कर, आणि डॉक्टरांच्या हातांना मदत कर. चिठ्ठ्या लिहायच्या असतील, चित्रे काढायची असतील, तर अवश्य काढावीत. आजारी माणसाच्या खाटेजवळच्या भिंतीवर ती शोभतात.

“बाई परत येणार ना?” असे कोणी विचारले, तर “मला ठाऊक नाही, मीही देवाला तेच विचारते,” असे सांगण्यास शिक्षिकेने लाजू नये.